एनओसी यायची आहे तोवर

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. दत्तक घ्यायला सुचवलेल्या मुलीचं रेफरल स्वीकारून कितीतरी महिने झाले, एनओसीसाठी, म्हणजे ना-हरकत पत्रासाठी, फाइल काराकडे, भारत सरकारच्या दत्तक संस्थेकडे आहे यापलीकडे दत्तकाचे एजन्सीवाले काही सांगत नाहीत, आणि तिकडून आईचा रोज फोन, काही कळलं का गं. शेवटी तू विचारलंयस की काकू, विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की कशावर, ती पोर येणारच यावर का?

नाही गं. ऐकायला कठोर वाटेल पण ती येणारच असा विश्वास धरून बसू नकोस, कारण मग प्रत्येक उशीर म्हणजे देव आपल्यावर रागावलाय असं वाटायला लागतं आणि माणूस उपासतापास, नवस, कुठला तरी गुरुवार असं करत करत खचत जातं. मी माळकरी घरातली, आषाढी-कार्तिकी अजून करते, पण हेच मूल मला दे असं विठ्ठलाकडे मागणं मला कधी पटलं नाही. ती पोर कुणाच्या मागण्यासाठी जन्माला आलेली नाहीये. मागायचंच असेल तर असं माग की तिला लवकर हक्काचं घर मिळू दे, आणि ते घर आपलं असलं तर ते निभावायची ताकद आपल्याला दे. हे मागणं रोज करता येतं आणि फाइल अडकली म्हणून ते खोटं पडत नाही.

आता उशिराबद्दल. हा उशीर कुठून येतो ते कळलं की निदान राग तरी कमी होतो. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या एका वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं की परदेशात दत्तक देण्याच्या नावाखाली मुलांचे हाल होतायत, त्या पत्रालाच याचिका मानून १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला आणि तिथून परदेशी दत्तकाला नियम लागले. मग परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३ चा हेग करार, भारताने तो २००३ मध्ये मंजूर केला, मग २०१५ चा बालन्याय कायदा. या सगळ्याचं म्हणणं एकच, मुलाला आधी त्याचे जन्मदाते, ते शक्य नसेल तर देशातलं घर, आणि तेही मिळालं नाही तर परदेश. म्हणून तर मूल लीगली फ्री, म्हणजे कायद्याने दत्तक द्यायला मोकळं झाल्यावर साधारणपणे आधी ६० दिवस भारतातल्या आणि एनआरआय पालकांसाठी राखलेले असतात. तुम्ही दोघं आता अमेरिकन सिटिझन, ओसीआयवाले, म्हणजे भारतीय वंशाचे परदेशी नागरिक, त्यामुळे त्या मुदतीनंतर तुमचा नंबर, परदेशातल्यांमध्ये तुम्हाला प्राधान्य आहे पण तरी नंतरच. मोठ्या वयाची मुलं, भावंडं, तब्येतीची काही अडचण असलेली मुलं जास्त करून परदेशी जातात ती यामुळेच. तुमची पोर चार वर्षांची आहे आणि तिच्या कानाचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे इथल्या घरांनी तिला आधीच नाही म्हटलेलं असणार. हे वाचून तुला वाईट वाटेल, वाटू दे, पण त्याचबरोबर हेही समजून घे की बालकल्याण समितीने तिला लीगली फ्री जाहीर केलंय, म्हणजे तिच्या जन्मदात्यांचा शोध, त्यांना विचार बदलायला दिलेला वेळ, हे सगळं होऊन गेलंय. तुम्ही कुणाच्या कुशीतलं मूल काढून घेत नाही आहात. कागद हळू चालतात ते तिच्यासाठी. सगळाच उशीर पवित्र असतो असं मी म्हणणार नाही, काही वेळा कुणाच्या तरी टेबलावर फाइल नुसतीच पडलेली असते, तेव्हा एजन्सीला मेल लिहून विचारायचं, त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही.

पुढचा रस्ता तुला माहितीये तरी लिहिते. काराची एनओसी आली की दत्तकाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. आमच्या वेळी पुण्यात कोर्टात उभं राहावं लागायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून ते अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. कायद्यात दोन महिन्यांत निकाल द्यायचा असं आहे, पण त्या तारखेवर तिकीट काढून ठेवू नकोस. नंतर जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. या काळात तुझ्या हातात काय आहे तर आय-८००ए ची मंजुरी, म्हणजे तुम्ही दत्तक घ्यायला योग्य आहात असं अमेरिकन इमिग्रेशनने दिलेलं पत्र, ती १५ महिनेच चालते, संपायच्या आत वाढवून घ्यावी लागते, आणि मध्ये घर किंवा नोकरी बदलली तर होम स्टडी, म्हणजे तुमच्या घराची पाहणी करून केलेला रिपोर्ट, अपडेट करावी लागते. एवढं कॅलेंडरवर लिहून ठेव आणि बाकीची पोर्टलं दिवसातून दहादा उघडणं बंद कर. तिचा मेडिकल रिपोर्ट तुमच्या नेहमीच्या डॉक्टरऐवजी इंटरनॅशनल अडॉप्शन बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखव, अशी क्लिनिकं मोठ्या हॉस्पिटलांत असतात.

आणि तुझ्या मामांनी सुचवलंय ना, ओळखीचे डॉक्टर आहेत, परस्पर बाळ मिळवून देतील, त्याला आजच नाही म्हण. प्रेमाने म्हण पण स्पष्ट म्हण. कायद्याची प्रक्रिया टाळून अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल देणं-घेणं हा बालन्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यात पैसे आले तर कलम ८१ म्हणजे मुलांची विक्री. त्यातून अमेरिकेचा नियम असा की हेग करारातल्या देशातून मूल आणायचं तर आय-८०० ची, म्हणजे त्या ठराविक मुलासाठीच्या अर्जाची, तात्पुरती मंजुरी आधी आणि दत्तक नंतर, क्रम उलटा झाला की मूल तिकडे आणि तुम्ही इकडे. थकलेल्या माणसाला शॉर्टकट फार गोड वाटतो. जिच्यासाठी एवढं करतोय तिच्या आयुष्याची सुरुवात खोट्या कागदावर होऊ नये.

आता आधाराचं. तू सगळं एकटीने सोसतेयस हे मला तुझ्या मेसेजवरून कळलं. आईला सांग की दर रविवारी मीच फोन करून सांगेन, मधे विचारू नकोस, आणि तिला काहीतरी काम दे, गोधडी शिवायला लाव, तिच्याही हाताला चाळा हवाय. नवरा गप्प असतो म्हणून त्याला काही वाटत नाही असं समजू नकोस, माझा नवरा त्या दिवसांत गॅरेज आवरायचा, परत परत तेच गॅरेज, मला फार उशिरा समजलं की ते त्याचं वाट बघणं होतं. मंडळात सगळ्यांना सांगायची गरज नाही, गणपतीत चाळीस जण एकच प्रश्न विचारतात ते झेपत नाही. पण दोन माणसं अशी हवीतच ज्यांच्यापुढे रडता येईल, त्यातलं एक शक्यतो यातून गेलेलं. मला एक कानडी बाई भेटली होती, आमच्याआधी बेळगावहून मुलगी आणलेली, ती फोन करून फाइलचं कधीच विचारायची नाही, जेवलीस का आणि झोपलीस का एवढंच. मला तेवढं पुरायचं.

एजन्सीच्या सोशल वर्करशी खरं बोलायला तू घाबरतेयस, रडले तर रिपोर्टमध्ये लिहील, आपल्याला अनफिट ठरवेल म्हणून. अगं, एवढी वाट बघून ज्याला काहीच होत नाही त्याचीच तिला जास्त काळजी वाटेल. झोप येत नाही, चिडचिड होतेय हे तिला सांग, चांगला काउन्सेलर विचार. मूल आल्यानंतरही दोन वर्षं रिपोर्ट द्यायचेत, पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाहीला, तेव्हा या बाईशी मोकळेपणाने बोलायची सवय आत्ताच लागलेली बरी. ऑफिसमध्येही विचारून घे, कंपनी मोठी असेल आणि तुला तिथे वर्ष झालं असेल तर अमेरिकेच्या एफएमएलए या रजेच्या कायद्याची १२ आठवड्यांची बिनपगारी रजा दत्तकालाही मिळते, मुलाला आणायला परदेशी जायचं असेल तर त्यासाठीही.

तिचा फोटो फेसबुकवर टाकू नकोस, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नको. आदेश होईपर्यंत ती संस्थेच्या ताब्यातलं मूल आहे, तिची ओळख जपणं हे आपलं पहिलं काम. त्याऐवजी संस्थेला एजन्सीमार्फत प्रश्न पाठव. सकाळी काय खाते, झोपताना लाइट लागतो का, कशाला घाबरते, तिथल्या सांभाळणाऱ्या कोणत्या मावशीच्या मागेमागे असते. शेवटचा प्रश्न विसरू नकोस, कारण ज्या दिवशी तू तिला कडेवर घेशील त्या दिवशी तिची ती मावशी सुटणार आहे, आणि ती तुझ्याकडे बघून हसायच्या आधी त्या मावशीसाठी रडेल. विदर्भातली पोर आहे, वऱ्हाडी बोलत असेल, तुझं नाशिकचं मराठी तिला जवळचं वाटेल पण सगळं कळणार नाही, आणि कानाचं बघता समोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं लागेल. याची तयारी आत्तापासून करता येते. नाव बदलायचा विचार असेल तर तो सोडून दे असं मी म्हणेन, चार वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती हाक तिच्याजवळ राहू दे.

आणि नाहीच झालं तर? तू हा प्रश्न लिहून खोडलेला मला दिसला, "मेसेज डिलीट केला" असं येतं ना. तर नाही झालं तर तुला दुःख होईल, खरंखुरं, आणि लोक म्हणतील अगं तिला तू भेटलीसुद्धा नव्हतीस. त्यांच्याशी वाद घालू नकोस, माझ्याकडे ये, आठ दिवस राहा. पण तिच्या कानासाठी तू जे डॉक्टर शोधलेस, जी माहिती गोळा केलीस ती संस्थेला पाठवून दे, तिला जे कुणी नेईल त्यांना उपयोगी पडेल.

या रविवारी तुमच्या दुपारी फोन कर, दोघंही बसा. मंजुरीचं पत्र हाताशी ठेव, तारखा बघून वाढवायचा फॉर्म कधी भरायचा ते ठरवून टाकू.

तुझी,
काकू