एफएमआरआय शिकायला घेताना

एफएमआरआय म्हणजे मेंदूचं काम चालू असताना घेतलेलं चुंबकीय स्कॅन. त्याच्या पडद्यावर लाल-पिवळे ठिपके दिसले की मेंदूचा तो भाग ‘पेटला’ असं वाटतं. पण स्कॅनर चेतापेशींची विद्युत क्रिया मोजतच नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे होणारा चुंबकीय बदल टिपतो. सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवलेला हा ‘बोल्ड’ संकेत पेशी सक्रिय झाल्यावर साधारण 5-6 सेकंदांनी शिखराला पोहोचतो. म्हणून प्रयोगात दोन उद्दीपनांमधलं अंतर बदलतं ठेव, नाहीतर प्रतिसाद एकमेकांत मिसळतात आणि वेगळे काढणं फार अवघड जातं.

डोक्याची हालचाल सगळ्यात जास्त छळते. व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनच्या चित्रातला सगळ्यात लहान घनाकार तुकडा, तोच जेमतेम 3 मिलिमीटरचा, त्यामुळे थोडं हललं तरी माहिती बिघडते. सॉफ्टवेअर सगळं सावरत नाही. सहभागी व्यक्तीला आधी शांतपणे समजावून सांग, डोक्याभोवती उशा नीट बसव.

आणि सांख्यिकी टाळू नकोस, अगदी कळकळीने सांगतो. एका स्कॅनमध्ये हजारो व्हॉक्सेल तपासले जातात. काही निव्वळ योगायोगानेच सक्रिय दिसणार. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा स्कॅन केला. बहुतुलनेची दुरुस्ती (एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याने येणारे योगायोगाचे निकाल गाळण्यासाठी कसोटी कडक करणं) न करता पाहिलं तर त्याच्याही मेंदूत ‘क्रिया’ दिसली, दुरुस्तीनंतर ती गेली. तू मेंदूचा कोणता भाग, कोणत्या कसोटीने तपासणार, हे पहिल्या स्कॅनच्या आधीच लिहून ठेव.