‘काही ठिकाणी’ म्हणजे कुठे?

प्रिय मुली,

तुझा रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम आता मुंबईबरोबर आणखी काही शहरांत एकदम लागणार, म्हणून स्टेशनं, नाके, पूल यांची नावं तुला गाळायला सांगितली आहेत. पगार वाढणार, फलकांवर फोटो लागणार, आणि तरी नव्या करारावर सही करू की नको म्हणून तुला झोप नाही. बरंच आहे. आवाज छान आहे, आत्मविश्वास ठेव, असलं काही मी लिहिणार नाही. ते सांगायला तुझ्या ऑफिसात माणसं आहेत.

मी एकच सांगणार. कुठे, ते सांग.

२६ जुलै २००५ला तू जेमतेम चालायला लागली असशील. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७५सुद्धा नाही. शहर एकच. ‘मुंबईत मुसळधार’ हे वाक्य कुलाब्याच्या माणसाला खोटं वाटलं असतं आणि कुर्ल्याच्या माणसाच्या काही कामाचं नव्हतं. उपनगरांत वीज गेलेली, मोबाइल लागत नव्हते, लोकांच्या हाती राहिला तो सेलवरचा ट्रान्झिस्टर. मी तेव्हा एका स्टुडिओत ड्युटीवर होते. कुठल्या, ते राहू दे. वरिष्ठांचा निरोप आला, ‘सखल भागांत पाणी साचलंय, एवढंच म्हणा. लोक घाबरतील.’ अरे, माणूस घाबरतो ते काहीच कळत नाही तेव्हा! मी कलिना म्हटलं, मिलन सबवे म्हटलं, कुर्ला म्हटलं. दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितल्याशिवाय एकही नाव घेतलं नाही, आणि खात्री झाल्यावर एकही गाळलं नाही. पुढे माझी संध्याकाळची वेळ काढून घेतली. कारण काय, तर बाई फार तपशिलात जातात. जाते बाई. अजूनही जाते.

तू म्हणशील, आता फोनवर सगळं दिसतं. दिसतं ना! तीन वर्षांपूर्वीचा अंधेरी सबवेचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरताना दिसतो. तो आजचा नाही, हे हवेवर सांगणारं कुणीतरी लागतं. आणि ते सांगायला अंधेरी सबवे पाहिलेला असावा लागतो.

बातम्या देता येत नाहीत म्हणून रडू नकोस, मागच्या पत्रात फार रडलीस. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात, हे खरंच. पण सरकारच्या २०११च्या एफएम धोरणात काय मोकळं ठेवलंय ते वाचलंस का? वाहतूक, हवामान, पाणी, वीज, प्रवेश, निकाल, आपत्तीच्या सूचना. म्हणजे माणसाला घराबाहेर पडण्याआधी लागतं ते सगळं. एवढं हातात असताना तुम्ही सिनेनटाच्या लग्नावर अर्धा तास घालवता! त्याच धोरणाने कंपनीला आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायची मुभाही दिली. तुझी अडचण तिथूनच आली.

हे दुखणं जुनं आहे. ‘आकाशवाणीचं हे मुंबई केंद्र आहे’ असं आम्ही आधी म्हणायचो, पुढचं सगळं नंतर. गिरणीतल्या माणसासाठी कामगार सभा होती, घरातल्या बाईसाठी वनिता मंडळ; कुणाशी बोलतोय ते ठाऊक असायचं. वरळीहून मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेही इथल्याच माणसांसाठी. मग १५ ऑगस्ट १९८२ला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि संध्याकाळची मोक्याची वेळ गेली. माझ्या बरोबरीचे काही जण त्या मागोमाग दिल्लीला गेले. त्यांची नावं झाली. मला भाजीवाली आवाजावरून ओळखते. हेवा वाटला नाही असं म्हटलं तर तू हसशील. पण गाडी बंद पडल्यावर ‘बाई काय म्हणतायत बघ’ म्हणून रेडिओ लावणारी माणसं माझ्या वाट्याला आली, आणि ती मी कुणाशी बदलून घेतली नसती. हे मी तुला समजावतेय की स्वतःला, ते सोड.

आता तुझा प्रश्न. सही कर. घरभाडं तुला भरायचंय, मला नाही. पण सही करण्याआधी दर तासाला दोन मिनिटं फक्त मुंबईची मागून घे, आणि ती लेखी घे. तोंडी मिळालेली मिनिटं पहिल्या मोठ्या जाहिरातदाराबरोबर जातात. त्या दोन मिनिटांत विनोद नको, गाणं नको. रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या स्टेशनापासून कुठल्या स्टेशनापर्यंत, धीम्या मार्गावर की जलद, भरती किती वाजता, पाणी कुठल्या वॉर्डात येणार नाही. बसतं सगळं. मी बसवलंय. नाही म्हणाले, तर इतर शहरांसाठीही तेवढीच माग, त्यांना हिशेब सोपा पडेल.

पहिल्या आठवड्याची स्क्रिप्टं पाठव. त्यांत ‘शहरात काही ठिकाणी’ दिसलं, तर लाल पेन काढायचीही तसदी घेणार नाही, तशीच परत पाठवीन.

तुझी,
बाई