पडद्यामागचे हात : वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरं

गेल्या अंकात चित्रपटाच्या श्रेयनामावलीतल्या विभागांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर सारखा होता. कोण काय करतं ते कळलं, पण एकाचं काम दुसऱ्याच्या कामात कुठे अडकतं, ते सांगा. म्हणून त्याच अंगाने प्रश्न निवडले आहेत.

मुलगी दिग्दर्शन विभागात सहाय्यक म्हणून लागली. तिला ‘कंटिन्युइटी’ दिली आहे. दिवसभर वही घेऊन बसते. यातून ती दिग्दर्शन काय शिकणार? (नाशिकहून एक आई)

ती वही म्हणजे संकलकाचे सेटवरचे डोळे. चित्रपट कथेच्या क्रमाने शूट होत नाही. एका वाड्यातले सगळे सीन सलग उरकावे लागतात, कारण जागेचं भाडं दिवसावर असतं. नायिका सीन ५२मध्ये घराबाहेर पडते आणि लगेच पुढचा, रस्त्यावरचा सीन ५३ तीन आठवड्यांनी दुसऱ्याच गावात होतो. पडद्यावर मात्र दोन्हींत एका क्षणाचं अंतर असतं. मंगळसूत्र पदरावर होतं की आत, डाव्या हातात बांगड्या किती, पिशवी कुठल्या खांद्यावर, घाम होता की नव्हता, हे तिच्या वहीत नसेल तर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

एक साधा प्रसंग घ्या. बाई म्हणते, “मी आता तिकडे येणार नाही,” आणि ‘येणार’ या शब्दावर चहाचा ग्लास उचलते. लाँगमध्ये, म्हणजे लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, तिने तो डाव्या हाताने उचलला. दोन तासांनी लाइट बदलून क्लोजअप लागला तेव्हा उजव्या हाताने, आणि तोही वाक्य संपल्यावर. संकलकाला आता त्या वाक्यात लाँगवरून क्लोजअपवर जाता येत नाही. उत्तम अभिनय क्लोजअपमध्ये असूनही त्याला समोरच्या माणसाचा चेहरा दाखवून वेळ मारून न्यावी लागते. म्हणून हालचाल नेमकी कुठल्या शब्दावर झाली ते संवादाच्या प्रतीत त्या शब्दाखाली खूण करून लिहायचं.

शिवाय प्रत्येक टेकसमोर सीन, शॉट आणि टेकचा क्रमांक, लेन्स, मेमरी कार्ड आणि साउंड फाइलचा क्रमांक, आणि ओके, होल्ड (राखीव) की एनजी (‘नो गुड’, म्हणजे बाद), हे कारणासकट. ‘एनजी’ एवढंच लिहून भागत नाही. ‘एनजी, शेवटी फोकस गेला’ असं लिहिलं, तर पहिला भाग वापरता येईल हे संकलकाला कळतं. फोटो शेवटच्या ओके टेकनंतर काढायचे, पहिल्याच्या आधी नव्हे. केस विस्कटतात, पदर सरकतो, आणि पुढच्या सीनला जुळवायची असते ती शेवटची अवस्था. समोरून, मागून आणि दोन्ही हातांचा जवळून, एवढे फोटो हवेतच.

ही वही इतर विभागांनाही हलवते. भिंतीवरच्या घड्याळात सीनची वेळ लावून सेल काढून ठेवायचा. काटे जागच्या जागी राहतात आणि टिकटिक थांबल्याने साउंडवाल्यांचंही काम होतं. जळती उदबत्ती असेल तर प्रॉपर्टी विभागाकडे एकाच उंचीवर कापलेल्या डझनभर उदबत्त्या तयार हव्यात. पावसाचा सीन असेल तर वेशभूषेकडे तीच साडी निदान तीन नगांत हवी, नाहीतर दुसऱ्या टेकला ओलं नेसून कोरड्याचा अभिनय करावा लागतो. रोज एक दृश्य किती तुकड्यांत फोडलं आणि कुठल्या शब्दावर जोडलं जाणार, हे जिला लिहून काढावं लागतं, तिला दिग्दर्शनाचं याहून चांगलं शिक्षण मिळणं कठीण आहे.

कॉलेजच्या लघुपटात वर्गातल्या ट्यूबलाइटखाली शूट केलं. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा खराब आहे का? (लातूरहून एक विद्यार्थी)

कॅमेरा बहुधा ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकची ट्यूब तिच्यावर सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याचं शटर उघडं राहण्याचा काळ त्या लयीशी जुळला नाही तर प्रत्येक फ्रेमला वेगळा प्रकाश मिळतो. शटर १/५० सेकंदावर ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन पूर्ण चढउतार येतात. सेकंदाला २४ फ्रेमने शूट करत असाल तर कॅमेऱ्यावरचा नेहमीचा १८० अंशांचा शटर अँगल (शटरचा काळ अंशांत सांगायची पद्धत) म्हणजे १/४८, तो १७२.८ अंश करा. २५ फ्रेमला १८० अंश आपोआप १/५० होतो. मोबाइलवर ऑटो शटर बंद करून १/५० कायम करा. उजेड जास्त वाटला तर १/१०० चालेल. १/६० मात्र नको.

स्वस्त एलईडी दिव्यांचं गणित वेगळं. डिमर कमी केला की त्यांतले बरेच दिवे स्वतःच्या वेगाने उघडझाप करतात आणि त्यांचा विजेच्या लयीशी संबंध उरत नाही. असा दिवा पूर्ण पेटवा, आणि प्रकाश जास्त झाला तर तो दूर न्या किंवा पुढे पातळ पांढरं कापड धरा. व्यावसायिक युनिटमध्ये हे बघणं गॅफरचं, म्हणजे प्रकाश विभागाच्या प्रमुखाचं काम. छायाचित्रणकार कुठून कसा प्रकाश हवा ते ठरवतो. तो कुठल्या दिव्यातून, किती वीज खाऊन आणि कुठली वायर न तापवता आणायचा, ते गॅफर आणि लाइटदादा ठरवतात. जागा पाहायला जाताना गॅफरला नेलं असतं तर त्याने दहा सेकंदांचा टेस्ट शॉट घेऊन हे पट्टे त्याच दिवशी दाखवले असते. नंतर सॉफ्टवेअरने पट्टे काही प्रमाणात पुसता येतात, पण चेहऱ्यावरून सरकणारे पट्टे क्वचितच पूर्ण जातात.

फोकससाठी वेगळा माणूस कशाला? कॅमेऱ्यात ऑटोफोकस असतो की. (पुण्याहून एक वाचक)

फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, एफ २ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि माणूस दोन मीटरवर, असं गृहीत धरा. स्वच्छ दिसणारी खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं अंतर फोकसमध्ये राहतं ते, साधारण साडेसहा सेंटिमीटर एवढीच असते. नट बोलताना थोडा पुढे झुकला की डोळे त्यातून बाहेर. ऑटोफोकस चेहरा छान पकडतो, पण दोघांमधल्या कोणाकडे आणि कुठल्या वाक्यावर जायचं ते त्याला कळत नाही. फोकस पुलर तालमीच्या वेळी टेपने अंतरं मोजतो, जमिनीवर नटाच्या पायाच्या खुणा लावतो आणि संवाद ऐकत फोकसची चकती फिरवतो. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर एफ ५.६ वर जा. तीच खोली साधारण अठरा-एकोणीस सेंटिमीटर होते. मात्र त्यासाठी आठपट प्रकाश लागतो. म्हणजे पुन्हा गॅफरकडे.

गावात शूट केलं, चित्र सुंदर आलं, पण आवाज वापरण्यासारखा नाही. सगळं डबिंग करावं लागेल का? (कोल्हापूरहून एक नाट्यसंस्था)

सगळं नाही. आधी आवाज नीट ऐकून ओळी वेगळ्या काढा. मागे पंपाची एकसुरी घरघर असेल तर ती बरीच कमी करता येते. पत्र्यावरचा पाऊस, संवादावर आलेला हॉर्न आणि रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला आवाज, हे तिन्ही सुटत नाहीत. तेवढ्याच ओळी डब करा.

पुढच्या वेळेसाठी सांगतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा आणि सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कमी पातळीचा आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, नटाच्या डोक्यावर, फ्रेमच्या अगदी काठाशी हवा. तो हातभर लांब गेला की खोलीचा घुमारा शिरतो. लॅपल माइक कपड्याखाली लावताना दोन्ही बाजूंनी टेपने चिकटवा, म्हणजे कापड घासणार नाही. पैठणी किंवा खळ केलेलं सुती लुगडं मात्र काहीही केलं तरी सळसळतं, म्हणून कपडे ठरवतानाच साउंडवाल्याला ते दाखवावेत. पाय फ्रेममध्ये नसतील तर पैंजण काढून ठेवा. त्यांचा आवाज नंतर फोली कलाकार (पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत करणारा) स्वतंत्र करतो, आणि तो संवादावर येणार नाही अशा ठिकाणी बसवता येतो.

घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून घरातला फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा. किल्ली घ्यायला कोणीतरी जातंच, त्यामुळे तो पुन्हा चालू करायचा राहत नाही आणि घरमालकाचं दूध नासत नाही.

लोक सर्वांत जास्त विसरतात ती गोष्ट म्हणजे रूम टोन. पॅकअपची घोषणा व्हायच्या आधी, तेच दिवे चालू ठेवून, सगळ्यांना जागच्या जागी थांबवून अर्धा ते एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवादातला खोकला कापला की तिथे पोकळी ऐकू येते, ती याच शांततेने भरतात. शंका असलेल्या ओळी कॅमेरा न लावता तिथल्या तिथे नटांकडून पुन्हा म्हणवून घ्या. भाव ताजा असतो, आणि स्टुडिओचे तास वाचतात.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला चित्रपटात भूमिका मिळते आहे. युनिट म्हणतं, रात्री उशिरापर्यंत थांबावं लागेल. कोणाशी बोलावं? (कल्याणहून एक वडील)

निर्मात्याच्या वतीने परवानग्या सांभाळणाऱ्या प्रॉडक्शन कंट्रोलरशी किंवा लाइन प्रोड्युसरशी, आणि लेखी. बालकामगारविषयक कायद्याच्या २०१७ सालच्या सुधारित नियमांनुसार १४ वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची, सलग २७ दिवसांहून जास्त काम द्यायचं नाही, आणि मुलाच्या मानधनाचा निदान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. परवानगीची प्रत मागून घ्या. शूटिंगचं वेळापत्रक मुख्य सहाय्यक दिग्दर्शक आखतो. मुलाचे पाच तास त्याला आधी कळले तर तो मुलाचे क्लोजअप दिवसाच्या सुरुवातीला लावतो आणि मोठ्यांचे नंतर. मूल दमल्यावर घेतलेले टेक तसेही कामाचे नसतात.

आम्ही सहाच जण आहोत. एकाने दोन-दोन कामं केली तर चालेल? (रत्नागिरीहून एक गट)

चालेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि युनिटचा स्वयंपाक हे सगळं सरस्वतीबाई फाळके बघत होत्या. पण कुठली कामं एका हातात द्यायची ते विचार करून ठरवा. बूम धरणं आणि रेकॉर्डिंग एकजण करू शकतो. कला आणि प्रॉपर्टी, मेकअप आणि केस, वेळापत्रक आणि जेवणखाण या जोड्याही जमतात. दिग्दर्शकाने मात्र कंटिन्युइटी घेऊ नये. तो अभिनय बघत असतो आणि ग्लास कुठल्या हातात होता हे त्याच वेळी बघणं माणसाला जमत नाही.

कार्डं सांभाळणं हे कॅमेरा चालवणाऱ्याच्या गळ्यात तर मुळीच घालू नका. दमलेल्या माणसाने भरलेलं कार्ड रिकामं समजून फॉरमॅट केलं की अख्खा दिवस जातो. भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून निघताच त्यावर लाल टेप लावा. नुसतं ओढून कॉपी न करता दोन्हीकडच्या फाइल ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरने तीन प्रती करा. त्यातली एक दुसऱ्या प्रकारच्या साधनावर हवी आणि एक रात्री दुसऱ्या घरी जायला हवी. तिन्ही प्रती उघडून बघितल्यावरच लाल टेप काढून हिरवी लावायची, आणि फॉरमॅट फक्त हिरवी टेप असलेलं कार्डच, तेही कॅमेऱ्यातच करायचं.