गाणं ऐकताना लोकांच्या अंगावर खरंच काटा येतो का? मला कधीच का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की मैफलीत शेजारचे डोलतात, हात पुढे करून ‘बघ, काटा आला’ म्हणतात आणि तुम्ही मात्र घड्याळ बघत बसता. हे लोक नाटक करतात की तुमच्यातच काही कमी आहे?

नाटक नाही. निदान सगळ्यांचं नाही. चुकीच्या जागी ‘वाह’ म्हणणारे आमच्या बेळगावातही आहेत. पण केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकसले की काटा येतो आणि ते बहुतेकांच्या हातात नसतं. थंडी वाजली, भीती वाटली की शरीर जे करतं, तेच.

मी खानापूर तालुक्यातला. चौदाव्या वर्षी भजनी मंडळात माझ्या हाती टाळ आला आणि दोन वर्षं मला अक्षरशः काहीही वाटलं नाही. पखवाजवाले काका लग्गी (जलद बोलांची लड) लावायचे, तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येणं) घ्यायचे, म्हातारी माणसं माना डोलवायची, आणि मी जांभया देत होतो. काका म्हणायचे, “ऐकतोस खरं मोजत नाहीस.” (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याची माणसं गोंधळतात.) मग त्यांनी मला आठ मात्रा, म्हणजे तालाचे आठ ठोके, बोटांवर मोजायला लावल्या. पुढे एका एकादशीला तिहाईचे दोन तुकडे झाले, तिसरा सुरू झाला, सम कुठे पडणार हे मला आधीच कळलं, आणि ती तिथेच पडली. डाव्या दंडावर काटा. घाबरलोच होतो.

यामागचं कारण मला फार नंतर वाचायला मिळालं. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात संगीत ऐकून हमखास शहारे येणाऱ्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली. निष्कर्ष 2011 मध्ये छापले. ऐन शहाऱ्याच्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामाइन हे रसायन सुटत होतं. पण त्या क्षणाच्या आधी, नुसती चाहूल लागली असतानाही ते सुटत होतं, फक्त वेगळ्या भागात. म्हणजे सुखाचा एक वाटा समेचा आणि एक समेची वाट बघण्याचा. आणि त्या माणसांनी गाणी कुठली आणली होती? स्वतःच्या आवडीची, पाठ असलेली. लोक म्हणतात अनपेक्षित काही घडलं की काटा येतो. तेही होतं, एकदम आवाज चढला किंवा सूर अचानक वळला की दचकल्यासारखं होतं. पण माझ्या मते वाट बघता येणं हे आधी. ज्याला वाटच बघता येत नाही, त्याला अनपेक्षित तरी काय वाटणार?

म्हणूनच भाषा कळणं पुरेसं नसतं. गोकाककडच्या एका जत्रेत मी पहिल्यांदा श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य बघितलं. कन्नड मला चांगलं कळतं, शब्द सगळे कळले, आजूबाजूचे हेलावलेले दिसत होते, मी मात्र कोरडा. चाली ओळखीच्या नव्हत्या. तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा पद सुरू होण्याआधीच मी सरसावून बसलो होतो. उलट बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची मातृभाषा कन्नड, आणि आमच्या घरी त्यांची मराठी भजनं लागली की आई हातातलं काम थांबवते.

अगदी परकं संगीत मात्र सगळंच बंद दाराआड असतं असंही नाही. 1999 मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी हिंदुस्तानी राग कधीच न ऐकलेल्यांना ते ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले, बहुधा लयीवरून. शांत भाव मात्र पकडता आला नाही. मला यात नवल वाटत नाही. संथ आलापात शांत आहे की नुसतं संथ, हे कळायला आपल्याकडच्यांनाही वर्षं लागतात.

आता तुमच्याबद्दल. एक छोटा गट असा असतो ज्यांना संगीतातून सुखच मिळत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी 2014 मध्ये अशा विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. त्यांचे कान ठीक, गाणं दुःखी की आनंदी हे कळायचं, पैसे जिंकण्याच्या खेळात इतरांसारखेच रंगायचे. फक्त गाण्याने हृदयाचे ठोके बदलायचे नाहीत. पुढे मेंदूच्या तपासण्यांत दिसलं की यांच्यात ऐकण्याचा भाग आणि सुखाचा भाग यांच्यातला संवाद कमी असतो. हा आजार नाही. जेवण, क्रिकेट, मित्र या सगळ्यातलीच गोडी गेली असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना भेटा.

पण तुम्ही त्या गटातले आहात असं इतक्यात धरू नका. मैफल सोडा. भजनी ठेक्यातला एकच अभंग घ्या, रोज तोच, दोन आठवडे, बोटांवर आठ मात्रा मोजत. एकच्या जागी टाळी द्या. पहिले चार दिवस टाळी चुकेल, माझी तर दोन महिने चुकत होती आणि काका पखवाज न थांबवता डोळ्यांनीच दटावायचे.