धडे घडाघडा वाचते, पण इंग्रजी माहितीपत्रक हातात दिलं की ‘मला नाही कळत’ म्हणते. चौदा वर्षांच्या मुलीकडून रोजच्या मजकुरांवर वाचनाचा सराव कसा करून घ्यावा?

तुमच्या प्रश्नात बराचसा उलगडा आहेच. मुलगी पाठ्यपुस्तकातला धडा नीट वाचते, प्रश्नोत्तरं लिहिते, गुणही बरे मिळवते. पण नव्या वस्तूचं माहितीपत्रक, ऑनलाइन फॉर्म किंवा साधी नोटीस समोर आली की कागद तुमच्याकडे सरकवते. मी याच वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि अशी मुलं मला दरवर्षी भेटतात. तिची हुशारी किंवा मेहनत कमी पडतेय असं मला वाटत नाही. धड्याचा अर्थ वर्गात आधीच सांगून झालेला असतो आणि उत्तर साधारण कुठल्या परिच्छेदात आहे हेही माहीत असतं. माहितीपत्रक कोणी समजावून दिलेलं नसतं. त्यातलं आपल्याला काय हवंय, ते कुठे सापडेल आणि काय सोडून दिलं तरी चालेल, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं असतं. हे ठरवण्याची वेळच तिच्यावर आलेली नाही. सराव त्याचा हवा.

त्यामुळे मजकूर हातात देण्याआधी तिला काम द्या. ‘हे वाच आणि काय लिहिलंय ते सांग’ असं म्हटलं की मूल पहिल्या ओळीपासून भाषांतर करायला बसतं, तिसऱ्या ओळीत अडतं आणि तिथेच कंटाळतं. तेच वॉरंटीचं कार्ड देऊन विचारा, ‘ही वस्तू किती महिन्यांत बिघडली तर फुकट दुरुस्त करून मिळेल?’ आता तिला सगळं कार्ड वाचायची गरज नाही. नजर आकड्यांवरून फिरवायची, ‘मंथ्स’ किंवा ‘इयर’ शोधायचं, तेवढंच वाक्य वाचायचं. उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न: ‘पाण्यात पडून बिघडली तर?’ हे आकडा शोधून सापडत नाही. ‘डज नॉट कव्हर’ किंवा ‘एक्स्क्लूजन्स’ अशा मथळ्याखाली जाऊन, शब्द न गाळता वाचावं लागतं. एकाच कार्डावर दोन निराळ्या तऱ्हेचं वाचन झालं आणि फरक तिला स्वतःलाच जाणवला.

इंग्रजी शिकवणारे या तऱ्हांना स्कॅनिंग, स्किमिंग आणि बारकाईचं वाचन म्हणतात. मुलीला ही नावं पाठ करायला लावू नका. वेळापत्रकात फक्त आपली ओळ शोधायची, एखादा लांब रिव्ह्यू भरभर चाळून लिहिणाऱ्याला वस्तू आवडली की नाही एवढंच बघायचं, आणि औषधावरची सूचना मात्र शब्दन् शब्द वाचायची, हे तिच्या हाताला लागलं की पुरे. मजकूर अवघड असला तरी चालतो, काम तिच्या आवाक्यातलं असावं. नवशिक्या मुलाला सबंध बातमी दिली आणि ‘यातली गावांची नावं आणि तारखा शोध’ एवढंच सांगितलं, तर तोही ते करू शकतो.

मजकूर उघडल्यावर पहिलं अर्धं मिनिट तिला काहीच वाचू देऊ नका, नुसतं बघू द्या. हे पत्रक आहे, जाहिरात आहे की नोटीस? कोणी लिहिलंय, कोणासाठी, आणि वाचणाऱ्याने काय करावं अशी त्याची इच्छा आहे? ठळक अक्षरं, चौकटी, क्रमांक, चित्रं, तक्ते यांवरून यातलं बरंच कळतं. धड्यात हा आधार फारसा नसतो, रोजच्या मजकुरात भरपूर असतो. मुलं तो वापरत नाहीत, कारण ‘वाच’ म्हटलं की वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची अशी त्यांना सवय झालेली असते.

आता ज्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त जपते ती सांगते. तिला समजलंय की नाही हे तिच्याकडून वदवून घेऊन तपासू नका, करायला लावून तपासा. 2006 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 395 इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ रुग्णांना औषधाच्या बाटलीवरची लेबलं दाखवून प्रश्न विचारले होते. एका लेबलवर लिहिलं होतं, ‘टेक टू टॅब्लेट्स बाय माउथ ट्वाइस डेली’. वाचनात कच्च्या असलेल्या रुग्णांपैकी 70.7 टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. पण ‘मग दिवसाला किती गोळ्या, मोजून दाखवा’ म्हटल्यावर फक्त 34.7 टक्के लोकांना बरोबर दाखवता आलं. ही सगळी इंग्रजी बोलणारी माणसं होती आणि वाक्य जेमतेम सात शब्दांचं होतं. वाक्य बरोबर म्हणून दाखवणं आणि ते समजून वागणं यांत इतकं अंतर असू शकतं. परकी भाषा शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत ते अंतर गृहीतच धरा.

म्हणून तिला माहितीपत्रक वाचून वस्तू जोडू द्या. फोनमधलं एखादं सेटिंग इंग्रजी सूचना वाचून बदलू द्या. एखाद्या खेळाचे इंग्रजी नियम वाचून तिने ते तुम्हाला शिकवावेत आणि मग दोघांनी खेळून बघावं. चूक झाली तर खेळ अडतो किंवा भाग बसत नाही आणि ती आपणहून मजकुराकडे परत जाते. ‘इथे काहीतरी चुकलं, पुन्हा वाचते’ असं मूल स्वतःशी म्हणतं ना, ते मला दहा बरोबर उत्तरांहून मोलाचं वाटतं. तिथे घाईने मदतीला धावू नका. (औषधाचं लेबल वाचायला द्यायला हरकत नाही, पण ते रिकाम्या खोक्यावरचं, आणि गोळ्यांऐवजी बटणं मोजून.)

सूचना वाचताना मुलं हमखास अडखळतात ती लहान शब्दांवर. मोठा अनोळखी शब्द दिसतो तरी, म्हणून त्याचा अर्थ विचारला जातो. ‘अनलेस’, ‘एक्सेप्ट’, ‘अन्टिल’, ‘ॲट लीस्ट’, ‘अप टू’, ‘ओन्ली’ यांच्यावरून नजर घसरते, आणि सूचनेचा सगळा अर्थ बऱ्याचदा त्यांच्यावरच टांगलेला असतो. ‘अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ’ वाचून मूल सगळंच निम्म्या किमतीत आहे असं धरून चालतं. पासवर्डसाठी ‘ॲट लीस्ट एट कॅरेक्टर्स’ लिहिलेलं असलं की बरोबर आठच अक्षरं मोजून भरतं. तिला पेन्सिल द्या आणि सूचनेतल्या अशा शब्दांभोवती गोल काढायला सांगा. मग विचारा, ‘हा शब्द पुसला तर काय बदलेल?’ ‘डू नॉट ओपन द लिड अन्टिल द लाइट टर्न्स ग्रीन’ यातलं ‘अन्टिल’ आणि त्यापुढचं सगळं पुसलं, तर झाकण कधीच उघडायचं नाही असं होतं. मुलांना हा खेळ आवडतो आणि थोड्याच दिवसांत ती आपणहून असे शब्द पकडायला लागतात.

मजकूर कुठला घ्यायचा? तिच्या आवडीच्या विषयातला घ्या, तुमच्या नव्हे. मुलाला बरं वाटावं एवढाच यामागे हेतू नाही. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन संशोधिकांनी 1988 साली सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि वाचलेलं लाकडी आकृत्या हलवून करून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगला जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ती मुलं शाळेच्या भाषेतच वाचत होती, परक्या नव्हे, तरी मुद्दा तुमच्या मुलीलाही लागू पडतो. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दांचे अर्थ आजूबाजूच्या संदर्भावरून उमगतात. ती फोनवर गेम खेळत असेल तर नव्या अपडेटमध्ये काय बदललं याची टिपणं, चित्रं काढत असेल तर रंगांच्या डब्यांवरचा मजकूर, सायकल चालवत असेल तर तिचं मॅन्युअल. फोनची भाषा इंग्रजी करून ठेवणं हाही सोपा उपाय आहे. कुठे काय आहे हे हाताला पाठ असल्यामुळे शब्द नवे असले तरी ती अडत नाही.

बातम्यांचे मथळे थोडे वेगळे हाताळा. त्यांचं व्याकरण निराळं असतं: ‘अ’, ‘द’ गळतात, घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात आणि पुढे होणारी ‘टू’ लावून. ‘मिनिस्टर टू व्हिजिट स्कूल’ म्हणजे भेट अजून व्हायची आहे. एवढं सांगा आणि मथळ्यावरून बातमीत काय असेल याचा अंदाज करायला लावा. मग पहिले दोन परिच्छेद वाचून तो ताडून बघू दे. बहुतेक बातम्यांत महत्त्वाचं सगळं सुरुवातीलाच असतं, त्यामुळे पुढचं सोडलं तरी चालतं.

जाहिराती आणि फोनवर येणारे मेसेज यांच्यासाठी मात्र वेळ काढा, कारण इथे वाचन कच्चं राहिलं तर नुकसान होतं. फसवे मेसेज बऱ्याचदा ‘युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे’ अशी घाई करतात आणि लगेच एखादी लिंक दाबायला सांगतात. असा मेसेज दोघींनी मिळून वाचा, लिंकला हात न लावता. पाठवणारा कोण म्हणवतो, कशाची भीती घालतो, माझ्याकडून काय करून घ्यायचंय त्याला? जाहिरातीत तारांकित शब्द आणि तळाच्या बारीक अक्षरातली अट शोधायला सांगा. रिव्ह्यू असेल तर त्यातलं तपासता येण्यासारखं विधान कुठलं आणि नुसतं मत कुठलं, हे दोन रंगांनी खुणावून घ्या.

शब्दकोश आणि भाषांतराचं ॲप तिच्याकडून काढून घेऊ नका, फक्त त्यांचा क्रम बदला. आधी अंदाज, मग तपासणी. आणि प्रत्येक शब्द तपासायचा नाही. ज्याच्यावाचून काम अडलंय तेवढाच. एका मजकुरातले दोन-तीन शब्द वहीत त्यांच्या वाक्यासकट उतरवले तर ते टिकतात, तीस उतरवले तर वही बंद पडते.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. रोजचे मजकूर तुटक असतात, वाक्यं अर्धी असतात, अनोळखी शब्द दाटीने येतात. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासात असं दिसलं की मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला बहुतेक वाचकांना तिच्यातले साधारण 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. लेबल, फॉर्म, बातमी यांत हे प्रमाण क्वचितच सांभाळलं जातं. वाचनाचा वेग आणि सलग वाचायची सवय यायला सोप्या, सलग गोष्टी लागतातच. तिच्या पातळीच्या सोप्या केलेल्या कथा निवडा, पाच बोटांत मावतील इतकेच नवे शब्द एका पानावर असतील अशा, आणि त्या कुठलेही प्रश्न न विचारता वाचू द्या. माहितीसाठी सिम्पल इंग्लिश विकिपीडिया चांगला आहे. एखादा विषय आधी मराठीत वाचून मग तिथे वाचला तर विषयाचं ओझं उतरलेलं असतं.

परीक्षेला उपयोग होईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. होईल. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली भाषेच्या पातळ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-टू (सहा पातळ्यांतली खालून दुसरी) पातळीच्या वाचनाची ओळखच जाहिराती, माहितीपत्रकं, मेन्यू आणि वेळापत्रकं यांतून हवी ती माहिती शोधता येणं अशी दिली आहे. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी 2000 साली सुरू झाली. तिच्या वाचनाच्या भागात तेव्हापासूनच सलग उताऱ्यांच्या जोडीला तक्ते, फॉर्म आणि आलेख आहेत. शाळेच्या परीक्षेत तिला हे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ते न पाहिलेल्या उताऱ्याला. तिथेही आधी प्रश्न वाचायचे, कुठल्याला आकडा किंवा नाव हवंय आणि कुठल्याला सगळा उतारा समजून घ्यावा लागेल हे ठरवायचं, शोधण्याचे प्रश्न आधी उरकायचे आणि उरलेला वेळ दुसऱ्या प्रकाराला द्यायचा. वॉरंटीच्या कार्डावर तिने हेच केलेलं असेल. या आठवड्यात घरात जे इंग्रजी पत्रक पडलं असेल ते घ्या, आधी स्वतः वाचून त्यावर दोन प्रश्न तयार करा, एक शोधण्याचा आणि एक बारकाईने वाचण्याचा, आणि मग तिला बोलवा.