वाचकांचे प्रश्न : रोज टेस्ट दिली म्हणून टेस्ट निघत नाही

या वेळी आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच विषयावरची आहेत, लष्करी ट्रेनिंग चालू आहे आणि फिटनेस टेस्ट काही निघत नाहीये. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, मी स्वतः ट्रेनी असताना रनिंगमध्ये दोनदा फेल झालोय आणि पुढे बरीच वर्षं ट्रॅकच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलोय. म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले.

प्रश्न : सर, मी २१ वर्षांचा आहे, ट्रेनिंगचा ९वा आठवडा चालू आहे. २.४ किलोमीटर १२ मिनिटांत काढायचंय. पहिल्यांदा १२:४० आलं, दुसऱ्यांदा १२:२३. पुशअप, सिटअप सगळं निघालं, फक्त रनिंग अडकलंय. मी रोज रात्री झोपायच्या आधी पूर्ण २.४ जीव तोडून पळतो, तरी टायमिंग हलत नाही, उलट गेल्या आठवड्यात वाढलंच. मित्राने टेस्टचे लॅप लिहून ठेवले होते ते पाठवतो : १:४२, १:५५, २:०५, २:१२, २:१५, २:१४. उजवी नडगी पण दुखते पण कोणाला बोललो नाही, सिक रिपोर्ट केला तर कामचुकार म्हणतात. आता फेल झालो तर ज्युनिअर बॅचला टाकतील. माझ्यात दमच नाही का?

उत्तर : मित्रा, आधी नडगी, मग टायमिंग. बॅरेकमध्ये खाटेवर बस, पाय गुडघ्यात दुमडून समोर घे आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून एक बोट घोट्यापासून वर दाबत दाबत ने. दुखणं चांगलं वीतभर पसरलेलं असेल आणि पळायला लागल्यावर थोडं कमी होत असेल तर बहुतेक वेळा ते हाडाच्या कडेचं आणि स्नायूंचं दुखणं असतं, भार कमी केला की बसतं. पण बोट एकाच ठिकाणी गेलं की अंगावर काटा येतो, रुपयाएवढी जागा, पळताना वाढतं, नंतर नुसतं चालतानाही दुखतं, रात्री झोपेत ठणकतं, त्या एका पायावर उडी मारवत नाही, असं असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हे खाटेवरचं तपासणं फक्त अंदाजासाठी आहे, ठरवणार डॉक्टरच, आणि तुझी नडगी दुखतेय म्हणजे तू तसाही दाखवायला जायलाच हवंस.

हे दुखणं सैनिकांचंच म्हणून ओळखलं गेलं बरं का. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने लांब मार्च करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय बघून त्यावर लिहून ठेवलं. तेव्हा एक्स-रे नव्हता, तो सापडला १८९५ मध्ये, त्यामुळे आत हाडाला बारीक तडा गेलाय हे कोणाला दिसायची सोयच नव्हती. आज सोय आहे, तरी एक गोष्ट लक्षात ठेव, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आला, पळ आता' एवढ्यावर विषय सोडायचा नाही, दुखणं तसंच असेल तर परत जायचं, एमआरआयमध्ये ते लवकर दिसतं. आणि नवीन पोरांनाच हे जास्त का होतं तर अचानक भार वाढला की हाड स्वतःला नव्याने घडवायला घेतं, पण आधी जुनं झिजवतं आणि मग नवीन भरतं, त्या मधल्या काही आठवड्यांत ते कच्चं असतं आणि नेमकं तेव्हाच ट्रेनिंग जोरात असतं. यात कामचुकारपणा कुठे आला? दहा दिवसांत सांगितलं तर काही आठवडे जातात, दाबून ठेवून हाड पूर्ण मोडलं तर ट्रेनिंगच जातं. पेनकिलर घेऊन पळायचं तर अजिबात नाही, गोळी दुखणं झाकते, तडा तसाच राहतो.

आता टायमिंग. तू विचारतोस दम नाही का, तुझे लॅप बघ. सहा लॅप, प्रत्येकी २ मिनिटं बरोबर १२ मिनिटं. तू पहिल्या दोन लॅपमध्ये मिळून २३ सेकंद कमावलेस आणि पुढच्या चार लॅपमध्ये ४६ घालवलेस. हे मी शेकडो पोरांमध्ये बघितलंय, शिट्टी वाजली की घोळका सुटतो, पुढचा पळतोय म्हणून हा पळतो, तिसऱ्या लॅपला माझ्यासमोरून जाताना खांदे कानाला लागलेले, मुठी आवळलेल्या, जबडा घट्ट, तेव्हाच कळतं की याचं आता काही खरं नाही. पुढच्या वेळी पहिला लॅप मुद्दाम १:५८ ते २:०० मध्ये काढ. सगळे पुढे जातील, वाटेल आपण मागे पडलो, पडू दे. पाचव्या लॅपला त्यातले अर्धे तुला परत भेटतील.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय, ती रात्रीची टेस्ट बंद कर, आजपासून. तू रोज ट्रेनिंग करत नाहीयेस रे, तू रोज परीक्षा देतोयस. १९६८ मध्ये केनेथ कूपर नावाच्या अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टरांनी १२ मिनिटांत माणूस किती लांब पळतो त्यावरून त्याचं शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज बांधायची पद्धत मांडली, आणि दीड मैलाची म्हणजे २.४ किलोमीटरची टेस्टही त्याच विचारातली. त्यांच्या हिशोबाने १२ मिनिटांत २४०० मीटर म्हणजे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण ४२ मिली ऑक्सिजन. म्हणजे ही टेस्ट जिगर मोजतच नाही, इंजिन मोजते. आणि इंजिन वाढतं कशाने? हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकणं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढणं, हे सगळं बरंचसं सावकाश पळण्यात होतं, इतकं सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करायचा. पोरांना याची लाज वाटते, मलाही वाटायची, असं हळू पळून काय होणार असं वाटतं, पण सकाळच्या पीटीमध्ये जोरात पळणं आधीच भरपूर होतंय, त्यावर रात्री परत जीव तोडला तर शरीर सावरणार कधी? टायमिंग वाढलं ते त्यामुळेच.

डॉक्टरने पळायला मोकळीक दिली की असं कर : आठवड्यातून दोनदा २५-३० मिनिटं बोलत बोलत पळ, आणि एकदा ४०० मीटरचे सहा राउंड १:५५ ते २:०० मध्ये, प्रत्येकानंतर दोन मिनिटं चालायचं. शेवटचा राउंड पहिल्याएवढाच आला पाहिजे, नाही आला तर पहिला जास्त पळलास. यातलं पीटीमध्ये जे झालं असेल ते वरून करायचं नाही. उरलेला वेळ झोप, खरंच झोप. टेस्टच्या आधीचे पाच-सहा दिवस पळणं निम्म्यावर आण, फक्त एक दिवस दोन-तीन जोराचे लॅप ठेव म्हणजे पाय जड होत नाहीत. आणि आत्ता पळायची बंदी आली तर सायकल किंवा पोहणं चालेल का ते डॉक्टरला विचार, दम बऱ्यापैकी टिकतो. इन्स्ट्रक्टरला पण स्वतःहून जाऊन सांग की मी लॅपचा असा हिशोब काढलाय आणि असं करतोय, लपून रात्री पळणाऱ्यापेक्षा असा ट्रेनी कोणालाही आवडतो.

प्रश्न : मी ट्रेनी आहे, मुलगी. माझा एकही पुलअप निघत नाही, नुसती लटकते. सगळे म्हणतात वजन कमी कर म्हणून मी जेवण अर्धं केलंय. अजून एक, तीन महिने पाळी आली नाही, बाकीच्या मुली म्हणतात ट्रेनिंगमध्ये असंच असतं, चांगलंच आहे.

उत्तर : ताई, चांगलं अजिबात नाहीये. तीन महिने पाळी न येणं म्हणजे शरीर सांगतंय की खर्च जास्त आणि आत काहीच येत नाही, म्हणून मी एक एक खातं बंद करतेय. त्यात हाडंही कमजोर होतात, आणि ट्रेनिंगमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर मुलींना मुलांपेक्षा जास्त होतात, त्यामागे हेही एक कारण आहे. डॉक्टरांना भेट, त्या दुसरी कारणंही तपासतील, रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण बघायला सांग, लोह कमी असेल तर कितीही पळालीस तरी धाप लागणारच. आणि जेवण पूर्ण कर, आजच्या जेवणापासून. अर्ध्या पोटी स्नायू तयार होत नाहीत, मग पुलअप कुठून येणार?

पुलअप वरून खाली शिकायचा असतो. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ने, पाय सोड आणि पाच सेकंद मोजत खाली ये. असे तीन-चार, दोन मिनिटं थांबून परत, असे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. दुसरं, नुसतं लटकायचं आणि हात न वाकवता फक्त खांदे कानापासून खाली ओढायचे, दिसायला काहीच नाही पण पुलअपची पहिली दोन इंच तिथेच अडकतात. एक दिवस पाच सेकंदांचे आठ होतील, तेव्हा वर ओढून बघ. पुशअपसाठी हेच डोकं लावायचं, जास्तीत जास्त १८ निघत असतील तर रोज १८ वर मरायचं नाही, दिवसातून चार-पाच वेळा आठ-नऊ मारायचे, स्वच्छ, छाती खालपर्यंत.

आणि हे सगळ्यांसाठीच, शिक्षा म्हणून असो की जोशात असो, शेकडो बैठका किंवा पुशअप एकदम झाले आणि नंतर स्नायू सुजून दगडासारखे झाले, लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य किडनीवर जातं, यात जीव जाऊ शकतो.

प्रश्न : टेस्टच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही, सकाळी उलटी होते, मग पळताना पाय थरथरतात. काय करू?

उत्तर : एका रात्रीच्या झोपेने टेस्ट जात नाही, त्याच्या आधीच्या आठवड्याच्या झोपेने जाते, त्यामुळे डोळे मिटून नुसतं पडून राहिलास तरी चालेल, घड्याळ बघू नकोस. सकाळी नेहमीचं, थोडं आणि वेळेवर खा, नवीन काही नको. पाणी घोट घोट, भीतीपोटी लिटरच्या लिटर ढोसायचं नाही, अति पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं तेही धोक्याचंच. सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सावकाश पळ, दोन-तीन छोटे जोराचे तुकडे मार, घाम आला पाहिजे. बरीच थरथर थंड अंगाने उभं राहिल्यामुळे असते. मात्र दर टेस्टला हे होतच असेल, किंवा पळताना कधी चक्कर आली, छातीत दुखलं, तर ते मनावर ढकलू नकोस, तपासून घे.

प्रश्न : मुलगा ट्रेनिंगमध्ये आहे. दोनदा फेल झाला, फोनवर रडतो, म्हणतो परत येतो. मी त्याला म्हणालो, मर्दासारखा उभा राहा. तेव्हापासून तो फोनवर फक्त 'ठीक आहे' म्हणतो. माझं चुकलं का?

उत्तर : दादा, तुमची काळजी कळते, शब्द मात्र चुकला. तिकडे दिवसभर त्याला उभं राहायलाच सांगतात, रडायला त्याच्याकडे तुमचा फोन एवढी एकच जागा होती. मी फेल झालो तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, 'किती सेकंदांनी राहिलं?' मी म्हणालो १९. ते म्हणाले, 'बरं, १९ कुठे कमी करता येतील ते मला समजावून सांग.' त्यांना रनिंगमधलं काही कळत नव्हतं, पण मी त्यांना एकेक लॅप सांगत बसलो आणि सांगता सांगता मलाच कळलं की दुसऱ्या लॅपला मी उगाच कोणाच्या तरी मागे धावतोय.

पुढच्या फोनला आधी एवढंच म्हणा की त्या दिवशी मी बोललो ते माझं चुकलं. मग विचारा पाय दुखतो का, कुठे दुखतो, एकाच जागी का. झोप किती होते विचारा, जेवतो का विचारा. परत यायचं म्हणाला तर लगेच हो नको आणि नाहीपण नको, ऐकून घ्या. पण जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकतो असं काही बोलला, किंवा बोलणंच बंद झालं, तर वाट न बघता त्याच्या ट्रेनिंग ऑफिसरला आणि तिथल्या डॉक्टरांना स्वतः फोन करा, पोराची बदनामी होईल हा विचार त्या वेळी मनात आणू नका. आणि फोन ठेवायची घाई तुमच्याकडून नको, तो गप्प राहिला तरी दोन मिनिटं लाइनवर थांबा.