रॉक ऐकायला सुरुवात करतोयस ना, मग हे ऐक

अरे, शंभर अल्बमच्या याद्या गोळा करत बसू नकोस, आधी पिंक फ्लॉइड या बँडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' घे आणि शफल बंद करून सलग ऐक, कारण त्यातली गाणी एकमेकांत मिसळत जातात, मधे जरा जरी गॅप आला तरी मजा जाते. म्हणून विंडोजवर फूबार२००० हा म्युझिक प्लेअर टाक, फुकट आहे, हलकं आहे, गाणी न तुटता वाजवतं. त्यातल्या 'मनी' गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा नि गल्ल्याचा आवाज येतो बघ, तो ठेका सात मात्रांचा आहे, बोटांवर मोज, सॅक्सोफोनपर्यंत सातच चालतो आणि गिटारचा सोलो सुरू झाला की चारचा होतो, माझ्या अंगावर तर अजून काटा येतो!

सोबत चहा दार्जिलिंग फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातली पहिली तोडणी. दूध-साखर अजिबात नको. पाणी उकळलं की गॅस बंद कर, मिनिटभर थांब, मग पत्ती टाक आणि तीन मिनिटांत गाळ, जास्त ठेवलास की तुरट झालाच. दुधाचाच हवा असेल तर आसाम सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा पावडर, आण, आलं ठेचून.

हे पचलं की लेड झेपलिनचा १९७१ चा चौथा अल्बम लाव.